आवारातील रान आणि हिरवळीची जमीन

(शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांच्या आवारांची निगा या विषयावर शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

गावोगावच्या शाळा, दवाखाने आणि पंचायत कार्यालये यांच्या आवारांत एक दृश्य वारंवार आढळते. फाटकाशी एक गंजलेला फलक उभा असतो. ‘फुले तोडू नयेत’ अशी सूचना त्यावर अजून वाचता येते. फलकाच्या मागे मात्र तोडण्यासारखे फूल एकही नसते. कमरेइतके गाजर गवत, कुंपणावर पसरलेली घाणेरी, कोपऱ्यात आपोआप उगवलेल्या सुबाभळींचे बन आणि त्यांच्या बुडाशी फुटक्या विटांची एक तिरकी ओळ, एवढीच काय ती बागेची खूण उरलेली असते. ही बाग कोणी मोडलेली नसते. ज्यांनी ती हौसेने लावली त्यांची बदली होते, एका उन्हाळ्यात पाण्याची मोटार जळते, माळ्याचे पद रिक्त राहते आणि पुढचे दोन पावसाळे उरलेले काम पुरे करतात.

मग केव्हातरी आवार साफ करण्याचा निर्णय होतो. तो बहुधा जुलैअखेर होतो, कारण १५ ऑगस्ट जवळ आलेला असतो. चार मजूर लावून गवत जमिनीलगत कापले जाते. वर दोन ट्रक तांबडी माती पसरली जाते आणि रोपवाटिकेतून आणलेल्या हिरवळीच्या लाद्या तिच्यावर अंथरल्या जातात. ध्वजवंदनाच्या सकाळी आवार देखणे दिसते, यात शंका नाही. दिवाळीपर्यंत लाद्यांच्या सांध्यांतून लव्हाळ्याची पाती वर येतात, होळीपर्यंत निम्मी हिरवळ पिवळी पडते आणि दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा जुने रान उभे राहते. खर्च कागदोपत्री योग्य असतो, काम झाल्याचे छायाचित्रही असते. फक्त हिरवळ नसते.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. हिरवळ ज्या दिवशी लावली जाते त्या दिवशी ती घडत नाही. ती त्याआधीच्या चार महिन्यांत, मातीत घडते. पावसाळ्यात हिरवळ हवी असेल तर कामाचा आरंभ होळीच्या सुमारास व्हावयास हवा. जुलैमध्ये आरंभलेल्या कामाला माती तयार करण्यास अवधीच मिळत नाही, आणि जे काम वगळले जाते त्याचीच किंमत पुढे द्यावी लागते.

पहिल्या दिवशी हातात कोयता न घेता कागद आणि पेन्सिल घ्यावी. आवारात कोणते झाड राखायचे, पावसाचे पाणी कोठून येऊन कोठे साचते, सावली किती वेळ राहते, मुलांची नेहमीची पायवाट कोणती, हे सारे एका साध्या नकाशावर उतरवावे. मुलांनी पाडलेली पायवाट बदलण्याचा प्रयत्न करू नये. कितीही फलक लावले तरी ती बदलत नाही, तेव्हा तेथे फरसबंदी करून मोकळे व्हावे. एखादे झाड काढणे आवश्यक वाटल्यास प्रथम परवानगीचे पाहावे. नागरी हद्दीत त्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि ग्रामीण भागात वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा अधिनियम आहे. झुडपे तोडणे आणि वृक्ष तोडणे यांतील फरक कोयता हाती असलेल्या मजुरास आधी समजावून सांगणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, नंतर खुलासा लिहिण्यापेक्षा ते सोपेही आहे.

वाढलेल्या रानात साप असतात, हे गृहीत धरूनच काम करावे. घोणस आणि फुरसे पालापाचोळ्यात सहसा दिसून येत नाहीत. लांब काठीने रान झोडपत, प्रथम गुडघ्याच्या वरचा भाग कापून जागा मोकळी करावी आणि मग बुडखे काढावेत. पायांत उंच बूट असावेत. जुन्या विटांचा ढीग हाताने उचलू नये, पहारीने उलथावा. आग लावून रान साफ करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने वरचा कचरा जळतो, जमिनीतील गाठी जशाच्या तशा राहतात आणि राखायची झाडे मात्र होरपळतात.

यानंतर शत्रूची ओळख. घाणेरी हे झुडूप शोभेचे म्हणून भारतात आणले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. बागेतून निघालेली ही वनस्पती पुढे डोंगर व्यापून बसली. ती केवळ कापल्यास बुडख्यातून दुप्पट फुटते. म्हणून कुदळीने मुळाचा गड्डाच काढला पाहिजे. सुबाभळीचेही तसेच, शिवाय तिच्या शेंगा वाळून बी पडण्याआधी हे काम उरकले पाहिजे.

गाजर गवताची गोष्ट अधिक गंभीर आहे. पुण्यात १९५५ च्या सुमारास हे तण वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आले आणि पुढे त्याने देश व्यापला. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते, एकेक झाड हजारो बिया टाकते आणि ओल मिळाली तर वर्षातून अनेक पिढ्या उरकते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला दाह होतो, खाज सुटते, चट्टे पडतात. परागकणांमुळे दम्यासारखा त्रास संभवतो. एकदा शरीराला त्याचे वावडे निर्माण झाले की ते सहसा जात नाही, पुढे थोडासा स्पर्शही त्रास देतो. असे असूनही श्रमदानाच्या तासाला शाळकरी मुलांकडून हे गवत उघड्या हातांनी उपटून घेण्याची प्रथा काही ठिकाणी अजून दिसते. ती तत्काळ बंद झाली पाहिजे. हे काम मोठ्या माणसांनी, हातमोजे घालून, अंगभर कपड्यांनिशी, जमीन ओली असताना आणि मुख्य म्हणजे झाड फुलण्यापूर्वी करावयाचे आहे. फुलल्यानंतर उपटणे म्हणजे बी पसरविण्यास हातभार लावणे होय.

या तणाच्या बंदोबस्तासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा जातीचा भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला आणि तेथून तो पसरला. पावसाळ्यात तो पाने खाऊन झाडे निष्पर्ण करतो, कोरड्या दिवसांत मातीत दडून राहतो. गावाची पडीक जमीन, रस्त्याच्या कडा यांसाठी त्याचे साहाय्य मोलाचे आहे. बागेपुरते मात्र खुरपे अधिक खात्रीचे. मिठाचे दाट पाणी फवारण्याचा उपाय लोकांत रूढ आहे, पण जेथे पुढे हिरवळ वाढवायची तेथे तो मुळीच करू नये, कारण ज्या मातीवर सारी भिस्त ठेवायची तीच खारी होते.

आणि तरीही गाजर गवत हा हिरवळीचा मुख्य शत्रू नव्हे. ते उघड लढते. खरा शत्रू जमिनीखाली असतो, तो म्हणजे लव्हाळा. तुकोबांनी नम्रतेच्या दृष्टांतासाठी लव्हाळ्याची निवड केली, परंतु खुरपे धरणाऱ्याला त्याच्यात नम्रता फारशी आढळत नाही. वर दिसणारी हिरवी पाती हा त्याचा लहानसा भाग. खाली काळ्या, सुगंधी गाठींची माळ असते. मोथा या नावाने आयुर्वेदात आणि दिवाळीच्या उटण्यात ज्यांना मान आहे, त्याच या गाठी. प्रत्येक गाठीवर अनेक डोळे असतात. एक कोंब खुडला की दुसरा डोळा जागा होतो. खुरप्याने माळ तुटली तर प्रत्येक गाठ स्वतंत्र रोप बनते. म्हणजे वरवरच्या खुरपणीने लव्हाळा घटत नाही, अनेकदा वाढतोच. वर मातीचा थर टाकून तो दबतही नाही, त्याची टोकदार पाती थर भेदून सहज वर येतात. तांबड्या मातीच्या दोन ट्रकांचे जे होते ते यामुळेच. शिवाय तो थर खालच्या काळ्या मातीत मिसळला जात नाही, मुळे वरच्या चार बोटांतच अडकतात आणि उन्हाळ्याच्या पहिल्या तडाख्यात गवत करपते. आणलेल्या मातीत आणि लाद्यांच्या बुडाशी लव्हाळ्याच्या नव्या गाठीही असू शकतात, त्या पैसे मोजून घेतल्या जातात.

लव्हाळ्याला सहन होत नाही ते ऊन. त्याच्या गाठी मातीबाहेर राहून पुरत्या सुकल्या की मरतात. वैशाखातील ऊन ही महाराष्ट्राला फुकट मिळालेली औषधी आहे आणि शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे. फाल्गुनात, जमिनीत थोडी ओल असतानाच, एक फूट खोल खणून ढेकळे उलथी करावीत. काळी जमीन पुढे दगडासारखी होते, तेव्हा उशीर करू नये. फार कडक झाली असल्यास पाणी देऊन वाफसा येईपर्यंत थांबावे. ढेकळे फोडण्याची घाई नको. ती तशीच तापू द्यावीत, पंधरा दिवसांनी पुन्हा उलथावीत, उघड्या पडलेल्या गाठी वेचाव्यात. असे तीनदा झाले पाहिजे. पारदर्शक प्लास्टिकखाली ओली जमीन चार ते सहा आठवडे तापविण्याचीही रीत आहे. तिने वरच्या थरातील तणांचे बी चांगले मरते, पण खोलवरच्या लव्हाळ्याबाबत तिच्यावर विसंबता येत नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाचे नाव येथे नेहमी निघते. २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार त्याचा वापर केवळ कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या परवानाधारकांमार्फत व्हावयाचा आहे. शाळेच्या आवारात त्याची गरज पडू नये.

खणताना निघालेला पाला, कोवळे गवत, फुलण्यापूर्वीचे गाजर गवत हे सारे वाया घालवू नये. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजेच ‘नाडेपकाका’, यांनी रूढ केलेली खताची टाकी अशा आवारासाठी अगदी सोयीची आहे. सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच, हवा खेळण्यासाठी भिंतींत झरोके ठेवलेली ही विटांची टाकी पालापाचोळा, थोडे शेण आणि माती यांच्या थरांनी भरली की साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. मोडक्या वाफ्यांच्या विटा तिला चालतात. मात्र लव्हाळ्याच्या गाठी आणि बी धरलेली तणे या टाकीत जाता कामा नयेत. त्या गाठी फरशीवर उन्हात वाळवाव्यात.

टाकी फाल्गुनात भरली तर पावसाच्या तोंडाला खत हाती येते. एका गुंठ्याला, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर जागेला, ५ क्विंटलपर्यंत पूर्ण कुजलेले खत लागते. टाकीतले अपुरे पडल्यास गावातून शेणखत घ्यावे, पण ते ताजे नसावे. ताज्या शेणातून तणांचे बी जिवंत येते आणि चार महिन्यांची मेहनत चार दिवसांत फुकट जाते. खत वरच्या अर्ध्या फुटात नीट मिसळावे. काळ्या मातीत थोडी वाळू टाकून निचरा सुधारेल, ही समजूत चुकीची आहे. थोड्या वाळूने काही होत नाही. खत भरपूर आणि उतार योग्य, हाच तिचा उपाय आहे. उतार इमारतीपासून दूर, मीटरला एक सेंटिमीटर पुरे. तो नजरेने ठरवू नये, खुंट्या रोवून दोरी ताणावी. मातीचा नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत आधीच पाठवून ठेवला असेल, तर क्षारांचा प्रश्न आहे की नाही हेही कळते.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस होतो आणि सारे आवार हिरवे दिसू लागते. ही हिरवळ नव्हे, ते उरलेल्या तणांचे बी उगवून आलेले असते. येथे धीर सुटतो. वास्तविक ही संधी आहे. जे बी उगवले ते आता मारता येते, जे उगवले नाही ते पुढे त्रास देणार असते. म्हणून हे तण उगवू द्यावे, बोटभर झाले की वाफसा पाहून हलके खुरपून काढावे, पुन्हा उगवू द्यावे, पुन्हा काढावे. खोल खणू नये, कारण त्याने खालचे नवे बी वर येते. वाचलेल्या लव्हाळ्याचा प्रत्येक कोंब याच वेळी दिसतो. तो पहारीने खालपर्यंत उकरून गाठीसह काढावा. पावसाने माती बसते आणि जेथे जेथे भरणी कच्ची होती तेथे डबकी दिसतात. पाऊस दाखवितो ते खोलगट भाग भरून, दाताळ्याने सारखे करून, हलका रूळ फिरवावा. अशा दोन फेऱ्या झाल्या की जुलैचा मध्य उलटलेला असतो. त्यानंतरच लावणी.

लावायचे कोणते गवत, याचे उत्तर शेतकऱ्याला ऐकून हसू येईल असे आहे. हरळी. ज्या हरळीच्या चिवट मुळीने त्याचा नांगर अडविला, तीच येथे मागून घ्यावयाची आहे. दख्खनच्या उन्हात टिकणारे, मुलांच्या पायांखाली तुडवले तरी फुटणारे, पाणी तुटले तर वाळून पडणारे आणि पहिल्या पावसाने पुन्हा हिरवे होणारे असे दुसरे गवत सहज मिळत नाही. गणपतीला वाहतात ती दूर्वा ती हीच. तिचा एकच हट्ट आहे, तिला सावली चालत नाही. वडाखाली ती लावण्याचा आग्रह धरू नये, तेथे पार बांधावा. शेताच्या बांधावरून, कालव्याच्या काठावरून तिची मुळी फुकट मिळते आणि देणारा आनंदाने देतो. फक्त घेताना तिच्यात लव्हाळा मिसळलेला नाही ना, हे मुळी धुऊन, निवडून पाहावे.

पेराला मुळे असलेल्या काड्या सुमारे १० सेंटिमीटर अंतराने टोकाव्यात. या हिशेबाने एका गुंठ्याला १०,००० काड्या लागतात. आकडा मोठा वाटतो, परंतु शंभर मुलांच्या शाळेत प्रत्येकाच्या वाट्याला शंभरच येतात. मुलांचे श्रमदान येथे शोभते. ओल्या, भुसभुशीत मातीत बोटाने खळगा करून काडी लावणे हे काम त्यांना आवडते आणि स्वतः लावलेल्या गवतावरून धावत जाणाऱ्याला तीच मुले अडवितात. मनुष्यबळ कमी असल्यास हरळी बारीक तोडून शेण-मातीच्या काल्यात मिसळावी आणि तो काला जमिनीवर बोटभर थराने पसरावा, ही जुनी रीतही चांगली साधते. गवत तीन इंच झाले की पहिली कापणी धारदार विळ्याने हलक्या हाताने करावी. सप्टेंबरअखेर जमीन झाकली जाते. १५ ऑगस्टला पाहुण्यांना दाखविण्यासाठी मात्र काड्यांच्या रांगाच असतात, हे आधी मान्य केलेले बरे.

हिरवळीचा विषय ग्रामसभेत निघाला की कोणीतरी उठून विचारतो की, माणसांना टँकर आणि गवताला पाणी, हा कोठला न्याय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. उन्हाळ्यात हिरवळ हिरवी राखावयाची तर दर चौरस मीटरला दिवसाला ५ लिटर पाणी धरले तरी गुंठ्याला ५०० लिटर होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दिवसाला ५५ लिटर हे प्रमाण धरले. म्हणजे एक गुंठा हिरवळ नऊ माणसांचे पाणी पिते. अवर्षणप्रवण तालुक्यातील पंचायतीने चार गुंठे हिरवळीचा ठराव करण्यापूर्वी हा गुणाकार इतिवृत्तात लिहावा. हात धुण्याच्या नळांचे पाणी जेवढ्याला पुरते तेवढीच हिरवळ, हे माप बहुतेक शाळांना योग्य ठरते. ते अर्ध्या गुंठ्याचे निघाले तर अर्धा गुंठा करावा आणि उरलेल्या आवारात कडुनिंब, करंज लावावेत, पायांखाली मुरूम ठोकावा. मार्चनंतर पाणी नसेल तर हरळी पिवळी पडू द्यावी. ती मेलेली नसते. पिवळ्या गवताबद्दल तपासणी समितीने शेरा मारू नये आणि मारल्यास मुख्याध्यापकांनी त्यासाठी टँकर मागवू नये.

राहता राहिला निगराणीचा प्रश्न. पहिली दोन वर्षे दर पंधरवड्याला लव्हाळ्याचा शोध घ्यावा लागतो. एका माणसाचे ते तासाभराचे काम आहे, पण ते कोणाचे, हे ठरलेले नसते. कार्यभार देताना खुर्च्या, कपाटे, घंटा यांची मोजदाद जडवस्तू संग्रह नोंदवहीतून होते, बागेचा उल्लेख कोठेच नसतो. म्हणून एक साधी वही ठेवावी. तिच्यात आवाराचा नकाशा, खत टाकल्याची तारीख, शेवटच्या खुरपणीची तारीख, लव्हाळा कोणत्या कोपऱ्यात पुन्हा आढळला ती जागा आणि पाणी देणाऱ्याचे नाव असावे. बदलीवर जाणाऱ्याने ती नव्या माणसाच्या हाती द्यावी, त्याने सही करून घ्यावी आणि त्याच दिवशी दोघांनी मिळून वहीत लिहिलेला तो कोपरा एकदा पाहून यावा.